दुसऱ्याच्या कर्माचं फळ

आमच्या माळशिरस तालुक्यात शाळा उघडते आणि पाठोपाठ माउलींची पालखी येते. जूनच्या मध्याला पहिलीची पोरं आत घ्यायची, त्यांच्या हातात फुगे आणि फुलं द्यायची, प्रवेशोत्सवाचे फोटो वर पाठवायचे. ती जरा रुळतायत तोवर वर्ग झाडून दिंड्यांच्या मुक्कामाला मोकळे करायचे. अधिक महिना आला की पालखी थोडी पुढं सरकते, एवढंच. त्यामुळे पहिलीच्या पालकांशी माझं निवांत बोलणं कार्यालयात कमी आणि वारकऱ्यांच्या पंगतीत, भाकरीची टोपली हातात धरून, जास्त झालं. विषय एकच. "बाई, पोराला वाचाया कवा येईल?"

एकदा पंगत वाढता वाढता एका आईनं मला हेच विचारलं, तर शेजारी आमटी वाढणारे एक माळकरी गृहस्थ मध्येच म्हणाले, "आपण पेरायचं, ताई. फळ पांडुरंगाच्या हातात." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र हसू आवरेना, कारण या गृहस्थांचा नातू माझ्याच वर्गात होता आणि त्याच्या घरचं कुणी एकाही पालकसभेला फिरकत नसे. पेरून थेट पंढरपूरला निघून जाणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. खुरपणी असते, पाणी असतं, रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला उठणं असतं.

तरी त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी माळकरी घरात सून म्हणून आले. सासऱ्यांच्या तोंडून निष्काम कर्म हा शब्द इतक्यांदा ऐकला की त्याचा विचार करणंच बंद झालं होतं. शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या आईबापांकडे बघून तो पुन्हा सुरू झाला. मुलाकडून काही अपेक्षा ठेवणं हे सकाम कर्म आहे का? आणि असेल तर ते सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं?

गीतेतला प्रश्न अर्जुनाचा आहे. लढायचं त्याला, जिंकणं-हरणं त्याचं, आणि फळावरची नजर काढायचीही त्यालाच. कर्म आणि फळाची आशा दोन्ही एकाच माणसाची. पहिलीच्या मुलाचं तसं नसतं. तिरप्या रेघा ओढायच्या, मांडी घालून बसायचं, 'ळ' आणि 'ल' वेगळे ऐकायचे, हे सगळं कर्म त्या सहा वर्षांच्या जिवाचं. फळ हवंय त्याच्या बापाला. गावातल्या चार माणसांत सांगता येईल असं फळ. मला वाटतं याला सकाम कर्म म्हणणंही चुकीचं आहे. सकाम माणूस निदान स्वतः राबून फळ मागतो. हे दुसऱ्याच्या कर्माचं फळ मागणं आहे, आणि त्याला आपल्याकडे प्रेम म्हणतात.

असतंही ते प्रेम. मी नाकारत नाही. ज्या बाईनं स्वतः चौथीत शाळा सोडून उसाच्या लागणीला जायला सुरुवात केली, तिनं लेकीच्या वहीत अक्षरं शोधली तर तिला निष्कामतेचं प्रवचन ऐकवण्याचा अधिकार मला नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. हे मला फार शोभून दिसतं. फळाची आशा सोडण्यावर प्रवचन चाललंय आणि लिहून घ्यायला बसलाय एक मास्तर, अमळनेरची शाळा १९३० साली सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात आलेला. विनोबांच्या बोलण्याचा मला लागलेला अर्थ असा, की फळ सोडलं म्हणजे काम ढिलं होत नाही. फळाच्या चिंतेत जाणारा वेळ आणि जीव मोकळा होऊन कामातच लागतो, म्हणून काम अधिक चांगलं होतं. आमच्या आमटी वाढणाऱ्या आजोबांनी फळ सोडलं नव्हतं, काम सोडलं होतं. नातू पाचवीत नापास झाला तर ते आकाशपाताळ एक करतील, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मुलांना मात्र ही विद्या जन्मतः थोडी येते. पहिलीतलं पोर पाटीवर 'क' काढतं, बघतं, थुंकी लावून पुसतं आणि पुन्हा काढतं. पहिल्या 'क'चं त्याला काही नसतं. लगेच त्याला संत करून टाकू नका. वहीवर चांदणी काढली नाही म्हणून हीच पोरं भोकाड पसरतात आणि शेजारच्याला दोन चांदण्या का, म्हणून त्याला चिमटाही काढतात. फळाची गोडी आम्ही लावतो, आणि ती फार पटकन लागते.

आता त्या वर्षात खरोखर काय घडतं ते सांगते, कारण तत्त्वज्ञान करताना माणसं तेवढंच विसरतात. 'निपुण भारत' मोहिमेनं पहिलीच्या अखेरीस ठेवलेलं लक्ष्य असं आहे: चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी छोटी वाक्यं वाचता यावीत, नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात, साधी बेरीज-वजाबाकी जमावी. वर्षाच्या अखेरीस. ऑगस्टमध्ये नाही. तिथं पोचायचा रस्ताही सरळ नसतो. पावसाळाभर काहीच होत नाही असं वाटतं, दिवाळीच्या सुट्टीनंतर पोर एकाएकी दुकानाची पाटी वाचायला लागतं, आणि संक्रांतीच्या आसपास पुन्हा अडून बसतं. ३ चा आकडा महिनोन्महिने उलटा येतो. पुस्तकात अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं येत नाहीत, गटागटानं येतात. घरी मात्र बाप वही उघडतो आणि विचारतो, "अजून 'ख' शिकवला नाही?" त्या 'ख'पायी कितीतरी पोरांनी रात्री चापट खाल्ली असेल. त्या पोरांना 'म', 'क' आणि काना जोडून 'काका', 'मामा' वाचता येत होतं. ते कुणी विचारलंच नाही.

मला या सगळ्यात छांदोग्य उपनिषदातली एक आई आठवते. प्रवेशाची गोष्ट आहे म्हणा ना. सत्यकाम नावाच्या मुलाला शिकायला जायचंय, तो आईला विचारतो, माझं गोत्र काय? जबाला सांगते की तरुणपणी मी अनेकांच्या घरी सेवा करत फिरले, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असं सांग. मुलगा गुरू गौतमांपुढे जाऊन शब्द न बदलता तेच सांगतो आणि त्याला प्रवेश मिळतो. आपल्या राज्यात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं ठरलंय. ती मुलं पहिलीत येतील तेव्हा माझ्या जागी दुसरी बाई असेल, पण दाखल्याच्या रजिस्टरात जबाला निदान एक रकाना पुढं सरकलेली असेल.

या गोष्टीत एक काटाही आहे. इतकं खरं बोलणारा ब्राह्मणच असला पाहिजे, असं गौतम म्हणतात. खरेपणाला जात चिकटवल्याशिवाय त्यांना दार उघडता आलं नाही. ज्यांच्या खरेपणाकडे कुणी पाहिलंच नाही अशांच्या लेकरांसाठी पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतिरावांना उभं राहावं लागलं. माझी नोकरी त्या रांगेतली आहे, गौतमांच्या आश्रमातली नाही. पण जबालेला मी सोडत नाही. कारण तिनं मुलाच्या शिक्षणात केलं ते एकच: जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं. आणि मग ती गोष्टीतून निघून जाते. मुलगा काय होऊन आला हे बघायलासुद्धा ती परत येत नाही.

पुढचा भाग पालकांना सांगितला की ते अस्वस्थ होतात. गुरू सत्यकामाला चारशे रोडक्या गाई देतात आणि रानात धाडतात. हजार झाल्याशिवाय परत येणार नाही, असं पोरगं म्हणतं. वर्षं जातात. कुठली वही नाही, कुठली चाचणी नाही. आज कुणी असं केलं तर मी स्वतः गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करीन. पण रानात त्याला बैल शिकवतो, अग्नी शिकवतो, हंस शिकवतो, एक पाणपक्षी शिकवतो.

आमच्याकडे साखर कारखाने पेटले की बीडकडच्या टोळ्या येतात आणि वर्षाच्या मध्येच पहिलीत नवी पोरं बसतात. त्यातल्या एकाला अक्षर एक येत नव्हतं. पण गाडीत किती मोळ्या बसल्या, कुठल्या बाजूला ओझं जास्त झालं की बैलाची मान घासते, हे तो मला नीट समजावून सांगायचा. वजाबाकी त्याला हातात आलेली होती, फळ्यावर तेवढी यायची राहिली होती. त्याच्या बापाची अपेक्षा विचारली तर म्हणाला, "हितं बसू द्या, फडात कोयता लागल त्याला." इतकी छोटी अपेक्षा आणि इतकी पुरी करण्याजोगी. ती पुरी करणं माझं काम होतं.

आणि इथंच उपनिषदातल्या या गोष्टीचा शेवट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो कीर्तनात फारसा कुणी सांगत नाही. सत्यकाम परत येतो, चेहऱ्यावर तेज दिसतं, गुरू विचारतात कुणी शिकवलं? माणसांनी नाही, असं तो सांगतो. पण तिथं थांबत नाही. आता तुम्ही स्वतः मला शिकवा, म्हणतो. गुरूही म्हणत नाहीत की तुला रानानं शिकवलंय, माझं काम झालं. ते सगळं पुन्हा शिकवतात, काही न गाळता. बैलानं शिकवलं म्हणून मास्तरची सुटका होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: मुलाशी निष्काम व्हा आणि शाळेशी पक्के सकाम. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. सहा वर्षांच्या पोराकडून सगळं हवं असतं आणि बाईंकडे काही मागायचं तर जीभ वळत नाही, "तुम्हाला काय सांगायचं बाई, तुम्ही शिकलेल्या." मागा. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक हवेत. मारणं तर नाहीच, मानसिक त्रासही द्यायचा नाही. दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाच्या पोटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, तेव्हा खिचडीत डाळ आहे की नुसती हळद, हे ताटात बघायला डिग्री लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका असायला लागतात. त्या बायका बऱ्याच ठिकाणी सहीपुरत्या असतात, हे मी आतली बाई म्हणून सांगते.

आणखी एक मागणं आहे, ते कुठल्या कायद्यात नाही. प्रगतिपत्रकात आम्ही वर्णनात्मक नोंदी करतो: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. या नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात. 'चित्रे आवडीने रंगवतो', 'गाणी तालासुरात म्हणतो'. सगळा वर्ग तालासुरात. पालक श्रेणीचं अक्षर बघतात आणि घडी घालतात. घडी घालू नका. समोर बसा आणि म्हणा, बाई, माझ्या पोराबद्दल असं एक सांगा जे वर्गातल्या दुसऱ्या कुणाला लागू होत नाही. ज्या शिक्षकाला ते सांगता येईल त्याच्याकडे पोर वर्षभर निर्धास्त सोपवा. सांगता आलं नाही तर पुढच्या महिन्यात परत या. निष्काम माणसाला एवढा वेळ असतो, निकालाची घाई त्याला नसते.

आमच्या समितीत एक बाई आहेत, शेतमजुरी करतात, वाचता येत नाही. मागच्या निवडणुकीच्या कामाला आम्हाला नेलं तेव्हाच्या सभेत त्यांनी विचारलं, "तुमी गेल्यावर पैलीच्या पोरांपाशी कोण आसतं?" निवडणुकीचं काम कायद्यानं शिक्षकांना लावता येतं, असं मी सांगितलं. "ते मला न्हाई इचारायचं," त्या म्हणाल्या, "पोरांपाशी कोण आसतं?" चौथीचे सर दोन्ही वर्ग एकत्र बसवतात, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. आपली पोरगी त्या दिवसांत शिकली का, याची त्यांनी चौकशी केली नाही. प्रश्न प्रोसिडिंगमध्ये घ्यायला लावला, मी लिहिला, त्यांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि अंगठा उठवण्याआधी म्हणाल्या, "खाली रिकामी जागा ठिवा, बाई. फुडल्या मीटिंगला जबाब लिवायचाय."