एक कार्बोरेटर, चार सिलिंडर

एखादी अवघड गोष्ट सोपी करणे हे नेहमीच चांगले काम असते काय? वरवर पाहता हा प्रश्नच निरर्थक वाटेल. अवघड ते सोपे झाले तर कोणाचे काय बिघडते? आम्हांला हा प्रश्न एका जुन्या मोटारसायकलीमुळे पडला, आणि विचार करू लागलो तसे त्याचे उत्तर वाटले तितके सरळ नाही हे लक्षात आले.

गाड्यांच्या यंत्रांविषयी वाचण्याचा आम्हांला नाद आहे. होंडा कंपनीने 1975 साली गोल्ड विंग जीएल 1000 ही गाडी बाजारात आणली. ही लांबच्या प्रवासाची गाडी. 999 सीसीचे, पाण्याने थंड राहणारे इंजिन, साखळीऐवजी शाफ्ट, आणि आडवे बसवलेले चार सिलिंडर. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर होता. राजदूत 350 ही गाडी अनेक वाचकांना आठवत असेल. 1983 साली आपल्याकडे आलेल्या त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते आणि ते दोन्ही जुळवताना मिस्त्रीची कसोटी लागे. इथे तर चार!

कार्बोरेटरचे काम हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळण्याचे. वजनाने साधारण 15 भाग हवा आणि 1 भाग पेट्रोल. चार कार्बोरेटर असतील तर चौघांनी सारखेच काम करावे लागते. त्यासाठी चार व्हॅक्यूम गेज लावून चारही काटे एका पातळीवर आणायचे असतात. गाडी नवी असते तोवर हे जमते. पुढे रबराचे पडदे चिरतात, जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटच्या बारीक छिद्रांत बसतो, आणि एक जुळवावा तर दुसरा बिघडतो. म्हणून अशा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांपैकी काहीजण चारही कार्बोरेटर उतरवून त्यांच्या जागी एकच बसवतात. त्यासाठी बहुधा मोटारीचा कार्बोरेटर घेतात आणि त्यातून चार सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्या, म्हणजे मॅनिफोल्ड, खास बनवून घेतात.

काहींच्या मते ही बनवणाऱ्याच्या कारागिरीशी खयानत आहे. आम्हांला तसे वाटत नाही. गाडी रस्त्यावर चालावी यासाठीच बनवली गेली. चार कार्बोरेटरसह ती कोपऱ्यात धूळ खात पडण्यापेक्षा एकावर चालू राहिली तर तिच्या हेतूशी इमानच राखले जाते. आपल्या हातून चौघांचा तोल सांभाळला जात नाही, हे कबूल करण्यातही प्रामाणिकपणा आहे.

खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. कार्बोरेटर एक झाला म्हणजे चारही सिलिंडरांना सारखे मिळू लागले, असे आपण गृहीत धरतो. तसे होत नाही. पूर्वी पेट्रोल सिलिंडरच्या जवळच हवेत मिसळत होते; आता त्या मिश्रणाला लांब नळीतून जावे लागते. वळणावर हवा सहज वळते, पेट्रोलचे जड थेंब मात्र भिंतीवर आदळतात. शिवाय पेट्रोलची वाफ होताना नळी थंड पडते आणि थंड नळीत थेंब पुन्हा जमतात. त्यामुळे एखाद्या सिलिंडरला जास्त पेट्रोल मिळते, तर एखाद्याला कमी. ज्याला कमी मिळते तो प्रमाणाबाहेर तापतो आणि आतून जळत जातो. गाडी चालतच असते, म्हणून चालवणाऱ्याला ते लगेच कळतही नाही.

उर्दूत मुसावात आणि अदल असे दोन शब्द आहेत. मुसावात म्हणजे समानता, अदल म्हणजे न्याय. सर्वांना एकाच ठिकाणाहून एकच वस्तू देणे ही समानता झाली. ती प्रत्येकापर्यंत हवी तेवढी पोचली की नाही, हे पाहणे म्हणजे न्याय. बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरून टाकतो.

आमचा पेशा शिक्षकाचा. शाळा उर्दू माध्यमाची. पण मुलांच्या घरी कुठे उर्दू, कुठे दखनी, कुठे कोकणी, कुठे भोजपुरी. एका वर्षी आम्ही वर्गाचे चार गट केले. प्रत्येक गटाला वेगळी तयारी, वेगळा गृहपाठ. वह्या तपासता तपासता रात्रीचे बारा वाजत. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही ते बंद केले. सर्वांना एकच पाठ, एकच प्रश्न. वर्ग शांत झाला, वरिष्ठही खूश झाले. आता सर्वांना समान वागणूक आहे, असे आम्ही स्वतःला बजावले. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची वही सहज हाती आली. दिवाळीनंतरचे सगळे प्रश्न त्याने फळ्यावरून सुवाच्य अक्षरात उतरवले होते. प्रत्येक प्रश्नाखालची उत्तराची जागा कोरी होती. "समजलं का?" असे आम्ही विचारले की "जी सर" म्हणणाऱ्यांत त्याचाही आवाज असे.

मग काय, पुन्हा चार गट करायचे? तेवढी ताकद आमच्यात नव्हती, आणि नसलेल्या ताकदीचा आव आणणे हाही एक खोटेपणाच. इथे फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचे उदाहरण उपयोगी पडते. तिचेही चार सिलिंडर आडवे आणि कार्बोरेटर बहुतेक गाड्यांत एकच. पण तिच्या मॅनिफोल्डलगत एक जादा नळी दिलेली असे. धुराड्याकडे जाणारी गरम हवा त्या नळीतून फिरे आणि मिश्रणाची वाट ऊबदार राही. एकावर काम भागवायचे तर वाटेची काळजी घ्यावी लागेल, हे बनवणाऱ्यांनी ओळखले होते. आम्हीही पाठ एकच ठेवला. मात्र तो सुरू करण्याआधी दहा मिनिटे शेवटच्या बाकांवर जाऊन बसू लागलो आणि त्यातले कठीण शब्द मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत सांगू लागलो.

तेव्हा सोपे करण्यात गुन्हा नाही. मात्र जे ओझे आपण खाली ठेवले ते आता कोणाच्या माथी गेले, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच राहते. घरात, जमातीत, संस्थेत "सर्वांना एकच नियम" असे म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हाही हेच विचारायला हवे.

एक कार्बोरेटर बसवल्यावर जाणता मिस्त्री नुसत्या आवाजावर विसंबत नाही. गाडी काही अंतर चालवून आणतो आणि चारही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवतो. फिका तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर तो सिलिंडर उपाशी आहे.

आम्ही हल्ली दर शनिवारी वह्या गोळा करतो, त्या शेवटच्या बाकापासून.