लिहिलं होतं की!

२००४ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केल्या. साठ मिनिटांची एकच टेप होती. 'एलपी' निवडलं तर तिच्यावर नव्वद मिनिटं मावतात, असं माहितीपुस्तिकेच्या २६व्या पानावर दिलं होतं. निवडलं. आजी तासाभरात थांबणाऱ्यातली नव्हती.

पुढे आजी गेली, मग कॅमेराही गेला. दुसऱ्या कॅमेऱ्यात टेप घातली तर आजीच्या चेहऱ्यावर नुसते चौकोन, आणि ओवी मध्येच तुटलेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "एलपीत ट्रॅक अरुंद असतात, दुसऱ्या मशीनवर नीट चालतीलच असं नाही. पुस्तकात लिहिलंय की."

घरी येऊन शोधलं. लिहिलं होतं. ९४व्या पानावर, बॅटरीची निगा आणि लेन्सवरचं दव यांच्या मधे.

तर मग मला सांगितलं गेलं होतं की नव्हतं? दोन्ही पानं खरी होती, खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी ९४वं पान वाचलं नाही हेही खरंच. पण कॅमेरा हातात आल्यावर शंभर पानं कोण वाचतं? आयबीएममध्ये जॉन कॅरल यांनी १९८०च्या दशकातच पाहिलं होतं, की माणसं आधी यंत्र वापरायला लागतात आणि अडली की पुस्तक उघडतात. म्हणून चूक जिथे होऊ शकते, तिथेच ती कशी निस्तरायची ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पुस्तिकेत मात्र प्रकरणं मेनूच्या क्रमाने होती. शिवाय पहिली आठ पानं कॅमेरा पाण्यात टाकू नका, आगीजवळ नेऊ नका, चार्जर उघडू नका. हे ठळक अक्षरात, चौकटीत, कारण त्यात कंपनी अडकू शकते. आजीच्या आवाजासाठी कंपनीला कोर्टात कोण खेचणार? धोका कुणाचा, यावर पान ठरत असावं असा मला दाट संशय आहे.

हे सगळं मी बरीच वर्षं तावातावाने सांगत आलो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत टाकी धुतली. सेक्रेटरी मीच, नोटीस लिफ्टमध्ये लावली होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू लिफ्टने जात नाहीत, त्यांना कोंडल्यासारखं होतं. दुपारी त्या रिकामी बादली घेऊनच वर आल्या.

"काकू, नोटीस लावली होती की," मी म्हणालो.

"हो का? कुठे रे?"

मी लिफ्टकडे बोट दाखवलं. काकू काही बोलल्या नाहीत. मी बादली घेतली आणि आमच्या पिंपातून भरून दिली.