खाडीत उतरण्यापूर्वी

चि. छोटी,

तू कयाक घेतलीस आणि डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावरून कोलशेतपर्यंत जायचं मनात आहे, असं तुझ्या बाबांनी कळवलं. अवश्य जा. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली, त्या पाण्यावर आपल्या घरातली मुलगी वल्हं मारणार याचा मला अभिमानच आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांना खाडी दिसते ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. पण माझी उमर लाँचच्या सुकाणूवर गेली. तिथून कयाक कशी दिसते ते तुला सांगितलंच पाहिजे, कारण खरं म्हणजे ती दिसतच नाही.

तू पाण्याला जवळजवळ टेकून बसणार. स्पीडबोटीने वेग घेतला की तिचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि चालवणाऱ्याच्या समोरचं पाणी झाकलं जातं. रेतीच्या बार्जची केबिन मागे असते, पुढे ढीग, त्यामुळे तांडेलाला जवळचं काही दिसत नाही. संध्याकाळी वसईच्या दिशेने जाणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असतं. म्हणून समोरच्याने आपल्याला पाहिलेलं नाही असंच धरून चाल. त्याने हात हलवला तरी तो आपल्यासाठीच होता असं समजू नकोस.

थोडा हिशेब कर. ताशी 40 किलोमीटरने येणारी बोट सेकंदाला 11 मीटर कापते. अर्धा किलोमीटर दूर आहे असं वाटेपर्यंत पाऊण मिनिटात ती तुझ्याजवळ पोचते. तेवढ्या वेळात तू साठेक मीटर जाशील, तेही वारा आणि ओढ आडवी नसेल तर. म्हणून निर्णय लवकर घ्यायचा. तुझी दिशा न बदलता बघ: येणारी बोट तुझ्या खांद्याच्या त्याच रेषेत राहून नुसती मोठी होत असेल, तर तुमची धडक ठरलेली आहे. अशा वेळी पुढून निसटायचा मोह धरू नकोस. थांब, तिला जाऊ दे, मग तिच्या मागून ओलांड. मधली खोल वाट ओलांडायची ती सरळ काटकोनात, सोबत कोणी असेल तर सगळ्यांनी एकत्र. एकेक जण मागे रेंगाळला की बोटवाल्याला घोळका दिसतो आणि शेवटचा दिसत नाही.

18 डिसेंबर 2024 ची दुपार तुला आठवत असेल. गेटवेहून घारापुरीकडे निघालेली नीलकमल ही शंभराहून अधिक माणसांची प्रवासी बोट. इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाच्या स्पीडबोटीचा ताबा सुटला आणि ती थेट तिच्यावर आदळली. 15 जीव गेले. स्वच्छ उजेड होता, एवढी मोठी बोट डोळ्यांसमोर होती, आणि बऱ्याच प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा जॅकेट कयाकच्या मागच्या जाळीत खोचून ठेवू नकोस. अंगात घाल, सगळे पट्टे आवळ आणि त्याला शिटी बांध. उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालणं फार अवघड असतं. रंग केशरी किंवा पिवळाच घे, वल्ह्याची पातीसुद्धा. दुरून आधी हलतं वल्हं दिसतं, माणूस नंतर.

कायद्यानेही तुझा रस्ता मोकळा नाही. समुद्रातल्या वाहतुकीचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की 20 मीटरपेक्षा लहान नौकेने अरुंद वाटेत, फक्त तिथूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा करू नये. मला हे न्याय्य वाटतं. भरलेल्या बार्जने इंजिन उलटं फिरवलं तरी तो बराच पुढे जातो, आणि तेवढ्यात सुकाणूही नीट ऐकत नाही. तुझ्याजवळ किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आहे, त्याच्याजवळ नाही. भोंग्याचे पाच किंवा जास्त छोटे आवाज ऐकू आले तर तुझा बेत त्याला कळलेला नाही किंवा शंका आली आहे, असं समज आणि बाजूला हो.

बोट गेली म्हणजे संपलं असं नाही, तिची लाट मागून येते. ती आडवी घेऊ नकोस. कयाकचं टोक तिच्याकडे तिरकं वळव आणि वल्हं चालू ठेव. गाळाच्या उथळ पट्ट्यावर हीच लाट उभी राहून फुटते. माणकोली पुलाच्या खांबांपाशी पाणी भोवरे घेतं आणि बोटींची वाटही तिथेच आवळते. खांब आणि बोट यांच्यामध्ये सापडायचं नाही.

अंधारात जाऊच नकोस. रेती उपसणाऱ्या बोटींवर महसूल खात्याच्या धाडी पडतात, आणि लपून काम करणारा दिवा कशाला लावेल? उशीर झालाच, तर पांढऱ्या उजेडाची विजेरी हाताशी ठेव आणि वेळेत दाखव. वल्ह्याच्या होडीला नियमाने तेवढं तरी करावंच लागतं.

आता भरतीचं. आपल्याकडचा जुना हिशेब तुझ्या आजोबांनी मला शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, ही मुंबई बंदरातल्या भरतीची ढोबळ वेळ. उल्हास नदीत आत यायला तिला आणखी वेळ लागतो, म्हणून भरतीचं कोष्टक बघ आणि मोठागावच्या कोळ्यांना विचार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जबर असते. पहिल्यांदा अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवड. ओहोटी लागल्यावर निघालीस तर पाणीच तुला कोलशेतकडे नेईल. पण पूर्ण ओहोटीच्या आत पोचायला हवं. नाहीतर काठ आणि तुझ्यामध्ये नुसता चिखल उरेल, त्यात पाय घातला की गुडघ्याच्या वर रुततो, आणि चिखल टाळायला माणूस पुन्हा मधल्या वाटेत, बोटींच्या रांगेत जातो. पावसाळ्यात ही नदी आपली नसते. तेव्हा कयाक घरीच राहू दे.

मोबाइल पाण्याने न भिजणाऱ्या पिशवीत, जॅकेटच्याच खिशात ठेव. 112 तर आहेच, तटरक्षक दलाचा 1554 पण लिहून ठेव. आधी कुठल्या तरी शांत पाण्यात कयाक मुद्दाम उलटव आणि पुन्हा चढून दाखव, ते जमल्याशिवाय खाडी नाही.

रविवारी कोणती तिथी आहे ते बघून मला फोन कर. निघायची वेळ आपण दोघं मिळून ठरवू, आणि कोलशेतच्या धक्क्यावर मी उभा राहीन.

तुझा काका