जुगारी आणि जुगार मांडणारा

मोहल्ल्यात कोणी जुगारात घर बुडवले की आपण म्हणतो, त्याचा नफ्सच कमजोर. वर्गात आम्हीही तेच शिकवतो: कुरआनने शराबबरोबर मैसिरही हराम ठरवला आहे, दूर राहा. पण डाव मांडणाऱ्याचे काय?

ऑनलाइन रमीच्या जाहिरातीत नटमंडळी हसत बोलावत. शेवटी ‘सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा’ हे इतक्या घाईत उरकले जाई की पाढे म्हणणाऱ्या आमच्या मुलांनीही हार मानावी. सवय लागते हे ठाऊक होते, तर ती लागलेल्याला बोनसचे आमिष दाखवून परत का बोलवायचे?

१८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अड्डेवाल्याबरोबर तिथे सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यात पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड आहे; नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आम्हाला हे न्यायाचे वाटते. अल्लाहसमोर हिशोब खेळणाऱ्यालाही द्यायचा आहे, तो वेगळा. (अर्थात १९६९ साली राज्य लॉटरी सुरू केली ती सरकारनेच.)

आणि आपण? मटक्यासाठी गाळा भाड्याने देणारे हाजीसाहेब पहिल्या सफमध्ये उभे असतात. कर्जात बुडालेल्या पोराच्या सलामला मात्र कोणी जवाब देत नाही.