तहान

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं ते ऐन ज्वारीच्या काढणीत. उजवा हात लुळा पडला, वाचा जडावली. पण माणूस पुरता शुद्धीत होता. नाकातली नळी काढून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, पाणी आणि चहा द्यायचा नाही. घसा मिटायला उशीर लागतो अन् पातळ पाणी तर धावतं. ते श्वासनलिकेत उतरलं की न्यूमोनिया होतो. काय द्यायचं ते आंबिलीसारखं दाट, चमच्यानं, ताठ बसवून. आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

आमच्याकडं वाटसरूलाही आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात, मग गाव विचारतात. आणि मी बापाच्या उशाचा तांब्या उचलून फडताळात ठेवला. अण्णा डाव्या हातानं माठ दाखवायचे, "पा...नी." मी मान फिरवायचो. शेजारची म्हातारी बोललीच, "आरं, तान्हेल्या जित्राबाला कुणी दाव्याला बांधून ठिवतं का?"

एका रात्री आईनं वाटी त्यांच्या ओठाला लावली. मोठा ठसकाही लागला नाही, म्हणून तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छाती भरली. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळी. मी आईला नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी मागितलं, म्या दिलं. तू सांग, काय करायचं हुतं?"

ताप उतरल्यावर गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या. त्या आमच्याशी नाही, थेट अण्णांशी बोलल्या. "बाबा, पाणी का देत नाहीत, ठाऊक आहे का?" अण्णांनी मान हलवली. नाही. इतक्या दिवसांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! ताईंनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून अन्नाची आणि श्वासाची वाट समजावली. घसा तपासून सांगितलं : हनुवटी छातीकडं झुकवायची, एका चमच्याला दोनदा गिळायचं, मग 'आ' म्हणायचं, आवाज ओलसर, घोगरा आला तर थांबायचं. तोंड रोज नीट साफ ठेवायचं. "जमेल का? तुम्ही सांगा." अण्णा बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी बोटानं चमचा मागितला.

दीड महिन्यानं ताईंनी चमचाभर साधं पाणी देऊन पाहिलं. अण्णा गिळून 'आ' म्हणाले. आवाज कोरडा आला. आईनं पदर डोळ्याला लावला.

पाणी नाकारलं ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. पण ज्याची तहान त्यालाच न विचारता मी ती राखत बसलो. म्हातारी पाण्याबाबत चुकली असेल, दाव्याबाबत नाही. तरी एक बोच राहते. सगळं समजून घेऊनही अण्णांनी त्या दिवशी चमच्याऐवजी तांब्याच मागितला असता, तर? मी दिला असता का? पाणी प्यायला बसलो की हा प्रश्न अजून माझ्या घशात अडकतो.