तिथी नसलेली माणसे

उन्हे उतरली की रत्नागिरीच्या शिवाजीनगरात थिबा राजाच्या समाधीपाशी घटकाभर बसा. काही बोलू नका. दगडावर तळवा टेकवा, दिवसभराचे ऊन अजून त्यात असेल. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलले. १८८६ पासून मरेपर्यंत, १९१६ पर्यंत, तो इथेच राहिला. मायभूमी त्याला पुन्हा दिसली नाही. तरी त्याचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. वर्ष आहे, जागा आहे, हात ठेवायला दगड आहे.

आता तळवा उचला. रिकाम्या हाताकडे पाहा.

आपल्यातल्या एकाचे नाव मनात आणा. रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची दाद मागायला हा माणूस लंडनला गेला आणि चौदा वर्षे तिथे अर्ज करत राहिला. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, तरी हा थांबला नाही. रिकाम्या हाताने परतला. १८५७ मध्ये साताऱ्याच्या उठावाचा बेत फुटला, तेव्हा त्याचा मुलगा सीताराम फासावर गेला. बापाला पकडायला इनाम लागले. रंगो बापूजी कुणाच्या हाती लागले नाहीत. पुढे ते कुठे राहिले, कुणाच्या ओट्यावर त्यांनी शेवटचे पाणी मागितले?

इथे थोडे थांबा. चौदा वर्षे बोलत राहिलेला माणूस एकदम निःशब्द होतो, ती शांतता ऐका.

दुसरे नाव नानासाहेब पेशव्यांचे. १८५९ मध्ये ते नेपाळच्या तराईत होते. तिथेच तापाने गेले, अशी खबर आली. इंग्रजांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. नानासाहेबांच्या डोक्यावर एक लाखाचे इनाम होते. पुढे कितीतरी बैरागी नानासाहेब समजून पकडले गेले. अगदी १८७४ मध्ये ग्वाल्हेरला एक पकडला, तोही नानासाहेब निघाला नाही.

न सापडणे हा या माणसांचा शेवटचा जय होता, असे मी मानतो. पण त्या जयाचा भार घरच्यांनी वाहिला. दाराची कडी वाजली की माजघरातला हात थबकत असेल. कुंकू लावायचे की पुसायचे, हे कुणी सांगायचे? आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहत. मग पळसाच्या पानांचा देह रचून त्याला अग्नी देत. पालाशविधी म्हणतात त्याला. पानांच्या त्या देहाला चेहरा नसतो. अग्नी देणाऱ्याच्या मनात मात्र तो असतोच, आणि तरीही त्याने हात पुढे करायचा असतो. याहून अवघड निरोप मला माहीत नाही.

आता मांडवीच्या जेट्टीवर चला. अंधारत आलेल्या पाण्याकडे पाहत दोन्ही नावे एकेकदा मोठ्याने घ्या. आवाज कापला तर कापू द्या.

ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. या भाद्रपदात घरच्या पितरांचे पान वाढाल, तेव्हा शेजारी आणखी एक पान मांडा. गोत्र विचारू नका. रंगो बापूजींचे नाव घ्या आणि पाणी सोडा.