न दिसलेले आणि मेलेले

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरं मोजायची आपल्याकडे रीतच पडली आहे. यावल अभयारण्यासारख्या जंगलात सांबर पाण्यावर आलं, की तक्त्यात नर, मादी, पाडस यांपैकी एका रकान्यात रेघ पडते. चांदण्यात याहून बारीक वय कळत नाही. आणि कळलं, तरी पुढे मोह असतोच: पाडसं 100, वर्षाची 60, म्हणजे 60 टक्के जगतात!

कळप दरसाल तेवढाच राहत असेल, तरच हे खरं. तो वर्षाला 20 टक्के वाढत असेल, तर गेल्या साली पाडसं जेमतेम 83 होती. त्यांतली 60 उरली, म्हणजे 72 टक्के. तो 20 टक्के घटून इथवर आला असेल, तर 125 पैकी 60, म्हणजे 48. तक्ता एकच, एक कळप भरभराटीला लागलेला, दुसरा बुडीत निघालेला. त्यात दुष्काळाने पाडसंच कमी जन्मली, तर वर्षाची जनावरं पाडसांहून जास्त भरतात आणि जगण्याचं प्रमाण शंभरापार जातं. खानदेशात अशी सालं काही नवी नाहीत.

मोजणीत नाही म्हणजे मेलं, ही घाई खानदेशाने मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. रानपिंगळा या घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना 1884 चा. पुढे मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याचा म्हणून एक नमुना दाखवला. तो डेव्हिडसन या पक्षीसंग्राहकाने खानदेशातून मिळवलेला, संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षी नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं. 25 नोव्हेंबर 1997 रोजी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, दिवसाढवळ्या दिसला. 113 वर्षं तो जगतच होता, खात्रीने पाहणारं कोणी नव्हतं एवढंच.

मोठ्या झालेल्या रानपिंगळ्याचं नेमकं वय नुसतं बघून सांगता येत नाही, तेव्हा वयाचा तक्ता इथे निरुपयोगी. अशा पक्ष्यांसाठी पायात कडी घालून तीच पाखरं दरसाल शोधायची पद्धत आहे. तिचं गणित कॉर्मॅक, जॉली आणि सेबर यांनी 1964-65 मध्ये बसवलं. यंदा हुकलेला पक्षी पुढल्या साली दिसला, की मधल्या वर्षी तो होता हे पक्कं. किती जिवंत पक्षी नजरेतून सुटतात, हे अशा चुकामुकींवरून निघतं. तो हिशेब लावल्यावरच मरतूक कळते. त्यासाठी त्याच सागवानात वर्षानुवर्षं फिरावं लागतं, आणि प्रकल्पाचा पैसा बहुधा त्याआधीच संपतो.